मोजता येतं तेवढंच मंजूर होतं : बालशोषण प्रतिबंधाचा निधी वाटणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बालशोषण प्रतिबंधासाठी सार्वजनिक निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय : अनुदानाचे निकष, मुदत आणि अहवाल बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

हे पत्र जास्त पैसे मागण्यासाठी लिहीत नाही. ते मागणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी मागत राहावं. माझी तक्रार आहे तो पैसा आज ज्या रीतीने वाटला जातो तिच्याबद्दल. या व्यवहारात मी दोन्ही बाजूंना बसले आहे. आधी संस्थेत राहून प्रस्ताव लिहिले, घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्तींच्या कामावर देखरेख केली. पुढे इतरांच्या प्रस्तावांना गुण देण्यासाठी मलाच बोलावणी येऊ लागली. दोन्हीकडून एकच दिसलं. तुमच्या नियमांत शोषण घडण्याआधी रोखणारं काम मागे पडतं आणि शोषणाविषयी भाषण देणारं काम पुढे सरकतं. यात कुणाचा वाईट हेतू नाही. गुणतक्ताच तसा आखलेला आहे.

समजा, तुमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला म्हणतो, वर्षभरात पाच हजार शाळकरी मुलांसाठी सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाविषयी तासाभराची सत्रं घेऊ. दुसरा म्हणतो, पहिलटकरणी असलेल्या, हाताशी कुणी नसलेल्या साठ आयांच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका जातील. तक्त्यात ‘प्रति लाभार्थी खर्च’ नावाचा रकाना असतो. तिथे दुसरा प्रस्ताव जागीच मरतो. बैठकीत कुणीतरी हळहळतं, ‘कल्पना चांगली आहे, पण आवाका लहान आहे’ असा शेरा पडतो, आणि पाच हजारांचा प्रस्ताव मंजूर होतो. असे शेरे मी वाचलेत. तशा बैठकांत मी बसलेही आहे.

शाळेतल्या सत्रांना मी विरोध करत नाही. पण त्यांच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे बऱ्यापैकी ठाऊक झालेलं आहे. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा आढावा घेतला, सहभागी ५,८०२. मुलांचं ज्ञान वाढतं, स्वतःला वाचवण्यासाठी काय करायचं ते त्यांना अधिक सांगता येतं, आणि झालेला प्रकार कुणाला तरी सांगण्याची शक्यता वाढत असल्याचीही चिन्हं दिसली. मात्र त्यामुळे प्रत्यक्ष शोषण घटतं का, याचं उत्तर त्या चाचण्यांतून मिळालं नाही. म्हणजे ही सत्रं मुलाला तोंड उघडायला मदत करतात. ते मोठं काम आहे, पण तेवढंच आहे. मूल बोललं तर ऐकून घेणारी प्रशिक्षित व्यक्ती त्याच शाळेत दुसऱ्या दिवशीही हजर हवी. सत्र घेणारे तोवर पुढच्या शाळेत पोचलेले असतात, कारण त्यांना पाच हजारांचा आकडा गाठायचा असतो. आणि स्वतःच्या घरातल्या मोठ्या माणसापासून स्वतःला वाचवण्याची जबाबदारी आठ वर्षांच्या मुलावर टाकून आपण ‘प्रतिबंध’ हा शब्द वापरतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. तान्ह्या बाळाचं तर विचारूच नका. त्याला कुठल्या सत्राला बसवणार?

आता तुमच्या तक्त्यात मेलेल्या त्या दुसऱ्या प्रस्तावाकडे वळते. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० गरोदर स्त्रियांना सोबत घेऊन एक चाचणी सुरू केली. काही जणींकडे परिचारिका जात: गरोदरपणात सरासरी ९ भेटी, बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत आणखी २३. या भेटींत ‘शोषण’ हा विषय म्हणून शिकवला जात नव्हता. धूम्रपान कमी कसं करायचं, बाळ कशासाठी रडतंय ते कसं ओळखायचं, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा धरायचं का, पुढचं मूल कधी, घरात मदतीला कोण येऊ शकेल, असल्या गोष्टी चालत. मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंतचा निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे परिचारिका जात होत्या त्या आयांविरुद्ध छळाच्या आणि हेळसांडीच्या शहानिशा झालेल्या तक्रारी तुलनेतल्या गटापेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी होत्या.

पंधरा वर्षं. तुमचा अंतिम अहवाल बाराव्या महिन्यात द्यायचा असतो.

याच चाचणीतली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की ज्या घरांत नवऱ्याची किंवा जोडीदाराची मारहाण वारंवार होत होती, तिथे या भेटींचा मुलांच्या बाबतीतला फायदा विरून गेला होता. उत्तम प्रशिक्षित परिचारिका, भरपूर भेटी, तरी नाही. आईला मार खावा लागतोय तोवर मुलाचं संरक्षण वेगळं काढून करता येत नाही. आणि तुमच्याकडे? घरगुती हिंसेचा निधी एका खात्यात, व्यसनमुक्तीचा दुसऱ्या, बालसंरक्षणाचा तिसऱ्या. तिन्हींचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या. एकाच घरातली आई, बाप आणि मूल तीन योजनांचे ‘लाभार्थी’ ठरतात, आणि एका संस्थेने तिघांबरोबर काम करायचं म्हटलं तर ‘दुहेरी निधी’चा आक्षेप निघतो.

एल्मायराचं नाव घेतलं की समितीतले उत्साही सदस्य लगेच म्हणतात, मग तोच कार्यक्रम सगळीकडे राबवू, मान्यताप्राप्त कार्यक्रमांची यादी करू, यादीबाहेरच्यांना पैसे नाहीत. इथेही जरा थांबा. त्याच घराण्यातला कार्यक्रम इंग्लंडमध्ये १८ ठिकाणी, सोळाशेहून अधिक किशोरवयीन आयांबरोबर तपासला गेला. २०१६ मध्ये निकाल आला: आईचं धूम्रपान, बाळाचं जन्मवेळचं वजन, दोन वर्षांच्या आत पुन्हा गर्भधारणा, बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागणं, या मुख्य निकषांवर नेहमीच्या सेवांपेक्षा फरक दिसला नाही. तिथे नेहमीच्या सेवाच मुळात बऱ्या होत्या, हे त्याचं एक कारण मानलं जातं. दुसरं उदाहरण तान्ह्या बाळाला जोरात हलवण्याने होणाऱ्या मेंदूच्या इजेचं. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी आईवडिलांना याबद्दल समजावून सांगण्याचा कार्यक्रम झाला. बाळ अतिशय रडलं तर काय करायचं, आणि त्याला कधीही हलवायचं नाही हे का, एवढंच. २००५ च्या अहवालात अशा इजा ४७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तोच प्रयोग पेनसिल्व्हेनियात राज्यभर केला, तेव्हा २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निकालात रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलं नव्हतं.

याचा अर्थ ‘काहीच उपयोगाचं नसतं’ असा काढू नका. तो आळशी अर्थ आहे. एका ठिकाणी चाललेलं दुसरीकडे चालेलच असं नाही, एवढाच अर्थ आहे. म्हणून यादी हवी, पण यादीवर भिस्त ठेवून मूल्यमापनाचे पैसे वाचवू नका. आज नेमकं उलटं होतं. पुरावा मागितला जातो, आणि पुरावा गोळा करायचा खर्च अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी छाटला जातो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता मुदतीबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते निम्मं नुकसान इथेच होतं.

घरभेटीचं काम कसं चालतं ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीच्या भेटींत सगळं छान असतं. बाळ छान, दूध छान, झोप छान. आई उंबऱ्यात उभी राहूनच बोलते. कार्यकर्ती वजनाचा तक्ता भरते, लसीची तारीख सांगते, निघते. पुढे कधीतरी ती आत येऊन बसते. त्यानंतर कितीतरी भेटींनी, बोलणं दुसरंच काही चाललेलं असताना, आई बाळाचं दुपटं घडी करत, वर न बघता सांगते, ‘रात्री हा गप्प बसत नाही ना, तेव्हा मला वाटतं, आपटावं याला.’ हे वाक्य ऐकण्यासाठी आधीच्या सगळ्या भेटी झालेल्या असतात. ते ऐकून कार्यकर्ती दचकली, ओरडली किंवा लगेच वहीत लिहायला लागली, तर ते दार पुन्हा उघडत नाही. ती शांत राहिली, तर तिथून खरं काम सुरू होतं: बाळाला सुरक्षित जागी ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायला हरकत नाही, पहिल्या दोन महिन्यांत रडणं वाढतच जातं, पुढे ओसरतं, रात्री अर्धा तास बाळाला कोण घेईल ते आज ठरवू. प्रतिबंध म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी याच बोलण्याकडे बोट दाखवेन. जगात कुठेही ते यापेक्षा वेगळं दिसत नाही.

आता हाच प्रसंग तुमच्या वार्षिक अनुदानाच्या चौकटीत बसवून बघा. मंजुरीचं पत्र उशिरा येतं, पहिला हप्ता त्याहून उशिरा. माणसं नेमून त्यांना शिकवण्यात काही महिने जातात. कामाला सूर सापडतो तेव्हा वर्षाचा शेवटचा तिमाही उजाडलेला असतो आणि कार्यकर्ती अहवालात बुडालेली असते. नूतनीकरण होईल की नाही ते कुणालाच माहीत नसतं. तिच्या मानधनाची शाश्वती नसते, म्हणून ती दुसरं काम शोधते, आणि चांगली असेल तर तिला ते लगेच मिळतंही. नवं वर्ष, नवी कार्यकर्ती. आई पुन्हा उंबऱ्यात. बाळ छान, दूध छान. ये रे माझ्या मागल्या.

ज्या आईने ते वाक्य एकदा उच्चारलं होतं, ती ते दुसऱ्या अनोळखी बाईपुढे पुन्हा उच्चारेल, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार आहे? तुमच्या अहवालात मात्र काहीच बिघडलेलं नसतं. भेटींची संख्या पूर्ण, खर्च १०० टक्के, उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेलं.

आकड्यांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक. एखाद्या वस्तीत चांगलं काम सुरू झालं की पहिल्या एकदोन वर्षांत तक्रारी वाढतात. मुलं बोलू लागतात, शिक्षक लक्ष द्यायला लागतात, घरी जाणाऱ्या परिचारिकेला जे दिसतं ते पूर्वी कुणालाच दिसत नव्हतं. संशोधकांना हे पक्कं ठाऊक आहे. जिथे पाहणारे डोळे जास्त तिथे नोंदी जास्त, हे गृहीत धरून ते निष्कर्ष काढतात. पण मंजुरीच्या कागदावर ‘तक्रारींत अमुक टक्के घट’ असं उद्दिष्ट लिहिलेलं असेल, तर तक्रार नोंदवणं संस्थेच्या मुळावर येतं. तुम्ही सांगितलेलं नसतं, तरी निरोप पोचतो: फार खोदू नका. एका संस्थेत मी असताना वरून खरंच असं सुचवलं गेलं होतं की शेवटच्या तिमाहीतल्या नोंदी पुढच्या वर्षात ढकलाव्यात. नाव घेत नाही. त्या जागी दुसरं कुणी असतं तरी कदाचित हेच सुचवलं असतं, आणि म्हणून दोष मला नियमात दिसतो.

प्रशासकीय खर्चावरची मर्यादा हा तर जुना रडगाण्याचा विषय, म्हणून थोडक्यात. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची पार्श्वभूमी तपासणं, दर आठवड्याला कार्यकर्तीला तिच्या वरिष्ठाने तासभर देणं, संस्थेतल्याच कुणाविरुद्ध तक्रार आली तर ती घेणारी स्वतंत्र व्यक्ती असणं, नोंदी गुप्त ठेवणारी व्यवस्था असणं, यातलं सगळं तुमच्या वर्गवारीत ‘प्रशासकीय’ ठरतं. बालसंरक्षणाच्या पैशातून मुलांना सुरक्षित ठेवण्याचा खर्चच छाटला जातो आहे, हे कुणीतरी समितीत मोठ्याने म्हणायला हवं. दिवसभर घराघरांतलं असं बोलणं ऐकून आलेल्या कार्यकर्तीला ते कुठेतरी उतरवायला जागा मिळाली नाही, तर ती एक तर निबर होते नाही तर निघून जाते.

आणि आता तुमच्या हातातल्या निधीच्याही वरची गोष्ट, कारण तुमच्यापैकी काही जण ती वरपर्यंत नेऊ शकतात. पैसा वाहतो कुठे, ते बघा. अमेरिकेत हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मार खाल्लेल्या बाळांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला आणि वैद्यकीय जग जागं झालं. १९७४ मध्ये बालशोषणाविषयीचा केंद्रीय कायदा आला. १९८० च्या कायद्याने पात्र मुलांना घरातून काढून दुसऱ्या घरी ठेवण्याच्या खर्चाला खुली दारं मिळाली: जितकी मुलं, तितकी परतफेड. कुटुंब मोडण्याआधी मदत करण्याचा निधी मात्र मोजकाच राहिला. त्या खुल्या खात्यातला पैसा प्रतिबंधाच्या काही सेवांना वापरता येईल असा बदल व्हायला २०१८ साल उजाडावं लागलं. म्हणजे जवळजवळ चार दशकं सरकारी तिजोरीचा हिशेब असा होता की मूल घरात सुरक्षित ठेवलं तर पैसे संपतात, घराबाहेर काढलं तर येत राहतात. हे एका देशाचं उदाहरण झालं, पण नुकसान झाल्यावरच तिजोरी उघडण्याची सवय त्याच देशापुरती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क संहितेच्या १९ व्या कलमात १९८९ पासून प्रतिबंधाचा स्पष्ट उल्लेख आहे. सही करणाऱ्यांनी तो वाचलेला असावा.

अमेरिकेतलीच एक आकडेवारी समितीपुढे ठेवावी अशी आहे. २००४ ते २०१३ या काळाची राज्यवार माहिती तपासणाऱ्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान वेतन ताशी १ डॉलरने वाढलं तिथे मुलांच्या हेळसांडीच्या तक्रारी साधारण ९.६ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. कुठलीही कार्यशाळा नाही, भित्तिपत्रक नाही. आईच्या हातात थोडे जास्त पैसे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मुलांवरची हिंसा रोखण्याच्या ज्या सात वाटा मांडल्या, त्यांतही कुटुंबाचं उत्पन्न आणि आर्थिक बळ ही एक स्वतंत्र वाट आहे. तरीही ‘कुटुंबाला अडीनडीला रोख मदत’ असा रकाना मी एखाद्या प्रतिबंधाच्या अर्जात पाहिल्याचं आठवत नाही. भाडं थकल्याने घर सोडावं लागणाऱ्या आईला आम्ही संतापावर ताबा ठेवण्याचे धडे देतो. तिला ते धडे कसे वाटत असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. सार्वजनिक पैसा आहे, लोकांना हिशेब द्यावा लागतो, कागदावरच्या संस्था असतात, मोजदाद सैल केली तर पैसे खाल्ले जातील. खरं आहे, खातात. पण आत्ताच्या कडक मोजदादीत ते खात नाहीत असं कुणी म्हणेल का? हजेरीपटावर खोट्या सह्या करणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात सोपं काम आहे. दोन वर्षं त्याच घरी जाणारी कार्यकर्ती, जिचं नाव त्या आईला माहीत आहे, ती खोटी उभी करणं फार अवघड. अचानक जाऊन चार कुटुंबांना त्यांच्या परवानगीने भेटा. एका दुपारी तुम्हाला जे कळेल ते फाइलींच्या ढिगातून कळणार नाही.

म्हणून मागण्या. अनुदान पाच वर्षांचं द्या. दुसऱ्या वर्षाअखेरीस कठोर आढावा घ्या आणि काम निकृष्ट असेल तर निःसंकोच थांबवा, पण थांबवताना सहा महिन्यांचा पैसा द्या, म्हणजे कुटुंबांना दुसरीकडे नीट सोपवता येईल. ‘प्रति लाभार्थी खर्च’ हा रकाना वेगवेगळ्या प्रकारच्या कामांची तुलना करण्यासाठी वापरणं बंद करा. त्याऐवजी विचारा की सुरुवात केलेल्या कुटुंबांपैकी किती शेवटपर्यंत टिकली, आणि तीच कार्यकर्ती किती काळ टिकली. पहिल्या दोन वर्षांत तक्रारी वाढल्या म्हणून कुणाचे गुण कापू नका. देखरेख, तपासणी आणि गुप्ततेचा खर्च थेट कामाच्या खर्चात धरा, आणि मूल्यमापनासाठी वेगळी रक्कम बाजूला काढा, जी संस्थेला दुसरीकडे वळवता येणार नाही. यादीतल्या कार्यक्रमांबरोबरच नव्या, स्थानिक कामासाठी लहानसा हिस्सा राखा. तिथे अपयश येईल हे धरून चाला. घरगुती हिंसा आणि व्यसनमुक्तीच्या खात्यांबरोबर किमान एक तरी संयुक्त अर्ज काढून पाहा. समितीत लहानपणी शोषण सोसलेली, आज मोठी असलेली माणसं घ्या, आणि त्यांना दीपप्रज्वलनाला न बोलावता गुणतक्ता बनवायला बसवा. त्यांच्या वेळेचे पैसेही द्या.

यांतल्या बऱ्याच गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. तुमच्या पुढच्या बैठकीतला ठराव पुरतो. निदान पुढचे अर्ज मागवण्याआधी गुणतक्ता जाहीर करा, तो का तसा आहे याची कारणं एका पानात लिहा, आणि मागच्या वेळी नाकारलेल्या प्रस्तावांना कोणत्या रकान्यात किती गुण पडले तेही त्या त्या संस्थेला कळवा. अहवालाच्या नमुन्यात ‘काय जमलं नाही’ असं एक पान घाला आणि ते प्रामाणिकपणे भरणाऱ्यांचा पुढचा हप्ता अडवू नका. मसुद्यासाठी मदत हवी असेल तर मी आणि माझ्यासारखे आणखी बरेच जण बिनमानधन यायला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
या क्षेत्रात काम करणारी एक कार्यकर्ती